रॅगवर्ट अपडेट: फूल उलटं करा, मग बोलू

मंडळी, या सीझनचा रॅगवर्ट या पिवळ्या रानफुलांचा हिशेब देतेय. एरिया तोच, इंग्लंडातल्या रेडिंगच्या आसपास, थेम्सचा काठ, चुनखडीच्या टेकड्यांकडचे बांध आणि रेल्वेच्या कुंपणाबाहेरून जेवढं दिसतं तेवढं. चार जातींवर आता खात्रीने बोट ठेवता येतंय, पाचवीची वाट बघतेय आणि एका झाडाने डोक्याचा पार भुगा केलाय, त्याचं खाली येईल.

ज्यांनी हे प्रकरण बघितलंच नाहीये त्यांच्यासाठी: ही आपल्या सोनकीच्या नात्यातली मंडळी. सूर्यफुलाचं कुळ, म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो ती खरं तर बारीक फुलांची अख्खी वसाहत. जुन्या पुस्तकांत सगळी सेनेसिओ या प्रजातीत (जीनस) सापडतील, आता माझ्या चार जातींपैकी कॉमन, मार्श आणि होअरी जेकोबिया या वेगळ्या प्रजातीत गेलीत आणि ऑक्सफर्ड सेनेसिओतच राहिलंय, त्यामुळे जुनं आणि नवं पुस्तक शेजारी उघडून बसलात तर गोंधळ व्हायचाच.

पाकळ्या मोजायच्या फंदात पडू नका. चौघांचाही आकडा १३ च्या आगेमागेच घुटमळतो, आणि पिवळ्या रंगात जो काही फरक असतो तो मोबाइलचा कॅमेरा खाऊन टाकतो. सुरवंटांवरही जाऊ नका, सिनाबार पतंगाचे ते काळेपिवळे पट्टेवाले सुरवंट कॉमन रॅगवर्टवर ढिगाने असतात हे खरं, पण ग्राउंडसेल या सहसा बिनपाकळ्यांच्या भाऊबंदावरही ते खुशाल चरत असतात.

मी आता थेट फूल उलटं करते. खाली हिरव्या छदांची (फुलाखालच्या बारीक पानांची) वाटी असते, आणि त्या वाटीच्या बुडाशी बाहेरून आणखी थोडी आखूड छदं चिकटलेली असतात, खरा माल तिथे आहे. कॉमनमध्ये ही बाहेरची छदं मोजकी आणि इतकी आखूड की भिंगाशिवाय लक्षातही येत नाहीत. होअरीमध्ये ती लांब, आतल्या छदांच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत पोचतात. आणि ऑक्सफर्डमध्ये भरपूर, शिवाय आतली-बाहेरची सगळ्यांची टोकं अशी काळी की पेनाची शाई लावल्यासारखी. कॉमनच्या आतल्या छदांनाही गडद टोक असतंच, त्यामुळे नुसतं ‘टोक काळं आहे’ एवढ्यावर निकाल देऊ नका, बाहेरची छदं किती आणि केवढी तेही बघा.

मग पान, त्यातही टोकाचा खंड (कापल्यासारख्या पानाचा शेवटचा भाग). कॉमनचा बोथट. होअरीचे सगळेच खंड अरुंद, टोकाचाही निमुळता, आणि पान उलटलं की खालून करडी लव. मार्शचं उलट, खालच्या पानांचा टोकाचा खंड चांगला मोठा नि लांबट गोल, बाजूचे खंड नावापुरते. मार्शची फुलंही मोठी, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत जातात, आणि फांद्या ऐसपैस फाकलेल्या, कॉमनसारखा वर सपाट दाट झुबका होत नाही. पाय ओले होत असतील तर मार्शची शंका आधी घ्यावी, तरी तेवढ्यावर ठरवू नये.

सगळ्यात आवडलेली टेस्ट मात्र बियांची (शास्त्राप्रमाणे ती फळं, पण चालू द्या). फूल पिकायला आलं की एकच बोंड घ्यायचं, कडेच्या ओळीतली एक बी आणि मधली एक बी शेजारी शेजारी ठेवून दहापट भिंगातून बघायचं. कॉमनमध्ये कडेची गुळगुळीत आणि मधली केसाळ. होअरीत दोन्ही केसाळ. मार्शमध्ये दोन्ही गुळगुळीत किंवा जवळपास तशाच. एवढी स्वच्छ खूण या कुळात फार कमी ठिकाणी मिळते, मला तर दोन दिवस तेच करत बसावंसं वाटत होतं!!

बोंड एकच तोडा हं, झाड उपटू नका. इथे जागामालकाच्या परवानगीशिवाय जंगली झाड मुळासकट काढणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि हात धुवा, यातले अल्कलॉइड घोड्यागुरांचं लिव्हर खराब करतात. याच विषापायी कॉमन रॅगवर्ट १९५९ च्या वीड्स अॅक्टच्या यादीत आहे, पण रॅगवर्टांपैकी त्या यादीत एकट्या कॉमनचंच नाव आहे, होअरी नाही आणि मार्शही नाही. विषारी तेही आहेत हे मान्य, पण पिवळं दिसलं की सरसकट उपटा हा जो इथला खाक्या आहे तो मला अजिबात पटत नाही.

ऑक्सफर्डबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ते स्टेशनवर उभ्या उभ्या बघता येतं. मूळ सिसिलीतलं, एटना ज्वालामुखीवरच्या दोन जातींचा संकर, एक वरच्या उतारावरची आणि एक खालची. ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमध्ये लावलं, तिथून सटकून १७९४ पर्यंत शहराच्या भिंतींवर दिसायला लागलं. १८४४ मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली आणि रुळांखालची जळक्या कोळशाची खडी त्याला लाव्हासारखीच मानवली. जॉर्ज क्लॅरिज ड्रूस या वनस्पतीतज्ज्ञांनी तर नोंदवून ठेवलंय की ऑक्सफर्डला गाडीच्या डब्यात शिरलेली त्याची उडती बी (म्हातारी) टाइलहर्स्टला बाहेर पडली. टाइलहर्स्ट म्हणजे आमच्या शेजारचंच स्टेशन, तिथे गाडी लेट असली की मी आता वैतागत नाही.

पुढची भानगड अजून भारी आहे. ऑक्सफर्ड आणि ग्राउंडसेलचा संकर होतो, २० आणि ४० क्रोमोसोमवाल्यांचं ३० वालं वांझ पोर. वेल्समध्ये त्यातून आकडा दुप्पट होऊन ६० ची वेल्श ग्राउंडसेल ही नवी जात तयार झाली, ती १९४८ मध्ये सापडली. यॉर्कमध्ये १९७९ ला स्टेशनजवळच्या कार पार्कात अशाच संकरातून आलेली आणखी एक मिळाली, ती नंतर नाहीशी झाली आणि साठवलेल्या बियांतून २०२३ मध्ये परत आणली. म्हणून पाकळ्या असलेली ग्राउंडसेल दिसली की लगेच नाचू नका, ऑक्सफर्डचे जीन्स शिरलेली साधी ग्राउंडसेलही पाकळ्या काढते.

आता डोक्याचा भुगा. नदीकाठच्या कुरणात एक झाड आहे, टोकाचा खंड मार्शसारखा मोठा पण बाजूचे खंडही ठसठशीत, झुबका अर्धवट सपाट, आणि मधल्या बियांवर तुरळक केस. आसपास कॉमन आणि मार्श दोन्ही आहेत, त्यामुळे माझा कौल त्यांच्या संकराकडे, पण बऱ्याच बिया पोकळ निघतात का ते बघेपर्यंत वहीत प्रश्नचिन्हच राहील.

पाचवी म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून आलेली अरुंद पानांची, खंड न पडलेली सरळ रेघेसारखी पानं. ती थंडीपर्यंत फुलते, त्यामुळे नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या खडीत शोधणार आहे.

कासला किंवा सह्याद्रीत कुठेही जाणाऱ्यांना एक काम सांगते, सोनकीचे गालिच्यांचे फोटो रग्गड आहेत, मला फूल उलटं करून बुडाचे आणि पानाच्या खालच्या बाजूचे फोटो पाहिजेत, शेजारी स्केल ठेवलीत तर फारच छान.