वुल्सीच्या मागावर: हॅम्प्टन कोर्ट ते लेस्टर

हॅम्प्टन कोर्टला बहुतेक जण आठव्या हेन्रीचा आणि त्याच्या सहा राण्यांचा राजवाडा बघायला जातात. आम्ही नवरा-बायको गेलो ते आधीच्या मालकासाठी: कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) थॉमस वुल्सी. इप्सविचच्या खाटकाचा पोर, असं त्याचे शत्रू त्याला शेवटपर्यंत हिणवत राहिले. पंधराव्या वर्षी ऑक्सफर्डची पदवी, १५१४ मध्ये यॉर्कचा आर्चबिशप, पुढच्याच वर्षी कार्डिनल आणि लॉर्ड चॅन्सेलर. राजा शिकारीत रमलेला असताना राज्याचा गाडा हाकणारा तोच. आणि १५३० च्या नोव्हेंबरात राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनला नेत असताना वाटेतच मेला.

पुढे १६१३ साली त्याच्या कथेवर नाटक आलं, शेक्सपिअर आणि जॉन फ्लेचर यांनी मिळून लिहिलेलं. नाव आठव्या हेन्रीचं, पण पहिले तीन अंक वुल्सीच खाऊन टाकतो. नवरा हौशी रंगभूमीवरचा, त्यामुळे त्याला ते नाटक जवळपास तोंडपाठ. मला इतिहासाची खाज. दोघांचं जमलं ते या एका माणसावर.

एक सांगून ठेवते. वुल्सीचं घर राजाने घेतलं, कॉलेज राजाने घेतलं, कबरसुद्धा भलत्याच्या कामी आली. त्यामुळे त्याला शोधायचं तर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या वाचत हिंडावं लागतं.

हॅम्प्टन कोर्टला वॉटर्लूहून थेट गाडी आहे. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि ऑयस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड किंवा कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. स्टेशनबाहेर पडून थेम्सवरचा पूल ओलांडला की समोर लाल विटांचा वाडा. तिकीट महाग आहे, ऑनलाइन आधी काढून ठेवा, आणि कुठल्या वारी बंद आहे ते बघूनच निघा. काही महिन्यांत आठवड्याचे काही दिवस वाडा बंद असतो. रविवारी रुळांची कामं निघतात, तो वार शक्यतो टाळा.

आत शिरलात की पहिल्या चौकातच थांबा. लोक इथून सरळ पुढच्या ग्रेट हॉलकडे धावतात. तो हॉल हेन्रीचा, वुल्सी गेल्यावर बांधलेला. हा पहिला चौक, बेस कोर्ट, मात्र खास वुल्सीचा. चारी बाजूंनी पाहुण्यांसाठी चाळीसेक बिऱ्हाडं, प्रत्येकात बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वतःचा संडास. सोळाव्या शतकात पाहुण्याला खासगी संडास! परदेशी राजदूत इथे उतरायचे आणि मायदेशी पत्रांत याच्या थाटाची वर्णनं धाडायचे. जॉन स्केल्टन नावाच्या कवीने तेव्हाच खोचकपणे विचारलं होतं: दरबारात का येत नाही म्हणता, पण कुठल्या दरबारात येऊ, राजाच्या की हॅम्प्टनच्या?

भिंतींवर मान वर करून बघितलं तर भाजक्या मातीची गोल पदकं दिसतात. त्यांतून रोमन सम्राटांचे चेहरे बाहेर डोकावतात. जोव्हानी दा मायानो या इटालियन शिल्पकाराकडून वुल्सीने ती १५२१ मध्ये करवून घेतली. तिथून पुढच्या क्लॉक कोर्टमध्ये जाऊन मागे वळून बघा. वरचं प्रचंड खगोलीय घड्याळ हेन्रीचं, १५४० सालचं. त्यात सूर्य पृथ्वीभोवती फिरतो आणि लंडन ब्रिजच्या भरतीची वेळही कळते. सगळे मोबाइल त्याच्याकडे रोखलेले. त्याच्या खाली, भाजक्या मातीतच, गुबगुबीत देवदूत-बाळांनी धरलेली वुल्सीची ढाल आहे आणि वर कार्डिनलची टोपी. आमच्याखेरीज तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

त्यानंतर वुल्सी रूम्स, त्यांतलं घडी घातलेल्या कापडासारखं दिसणारं लाकडी कोरीवकाम, आणि मग स्वयंपाकघरं. बागेतल्या चक्रव्यूहाला आम्ही फाटा दिला. मुलं बरोबर असतील तर तुम्हाला देता येणार नाही.

परतीच्या गाडीत नवऱ्याने पटनीचा प्रसंग सांगितला, तो नाटकात नाही. हेन्रीला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, आणि पोपकडून तो निर्णय आणणं वुल्सीला जमलं नाही. हेच त्याच्या पडण्याचं खरं कारण. १५२९ च्या ऑक्टोबरात त्याच्याकडून राजमुद्रा काढून घेतली गेली आणि आज व्हाइटहॉल आहे तिथला यॉर्क प्लेस हा वाडा राजाच्या घशात गेला. तो होडीत बसला तेव्हा थेम्सवर बघ्यांच्या होड्यांची ही गर्दी. सगळ्यांना वाटलं स्वारी टॉवरच्या तुरुंगात चालली. होडी उलट्या दिशेला, पटनीला गेली. तिथून खेचरावर बसून निघाला तोच राजाचा माणूस अंगठी घेऊन आला: काळजी करू नकोस. वुल्सी खेचरावरून उतरून चिखलातच गुडघ्यांवर बसला. राजाला परतभेट द्यायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्याने आपला विदूषक पॅच दिला. पॅच जायला तयार होईना. सहा धिप्पाड माणसं लागली त्याला न्यायला. हे सगळं लिहून ठेवलंय जॉर्ज कॅव्हेंडिश या वुल्सीच्या सेवकाने, तेही हेन्री मेल्यावर, त्याची मुलगी मेरी गादीवर असताना. आधी लिहिण्याची कोणाची छाती होती?

लंडन शहरातलं बाकी सगळं पायी होतं. ब्लॅकफ्रायर्स स्टेशनला उतरा आणि मागच्या गल्ल्यांत शिरा. प्लेहाउस यार्ड नावाचं एक चिमुकलं आवार आहे. बघण्यासारखं काही नाही: ऑफिसांच्या पाठी आणि उभ्या केलेल्या सायकली. पण इथे एक मठ होता. त्याच्या दिवाणखान्यात १५२९ च्या उन्हाळ्यात हेन्री आणि कॅथरिन यांच्या विवाहाचा खटला चालला, न्यायासनावर वुल्सी आणि रोमहून आलेला कार्डिनल कँपेजिओ. कॅथरिन नवऱ्यासमोर गुडघे टेकून बोलली आणि कोर्टाच्या हाका न जुमानता निघून गेली. पुढे मठ गेला, आणि त्याच वास्तूत ब्लॅकफ्रायर्स थिएटर उभं राहिलं. ते चालवायची शेक्सपिअरचीच नाटक कंपनी. त्यांच्या नाटकात खटल्याची जागा ठरवताना राजा नाव घेतो ते ब्लॅकफ्रायर्सचं. मूळ मठाच्या भिंतीचा एक तुकडा जवळच्या आयर्लंड यार्डमध्ये शिल्लक आहे. पंधरा मिनिटं पुरे.

तिथून पूल ओलांडून ग्लोब थिएटर. आताचं ग्लोब १९९७ चं. जुन्याची जागा थोडी पलीकडे पार्क स्ट्रीटवर खुणा करून दाखवली आहे. २९ जून १६१३ ला जुनं ग्लोब जळालं ते याच नाटकाच्या प्रयोगात. वुल्सीच्या घरच्या मेजवानीला राजा वेषांतर करून येतो, त्याच्या स्वागताला तोफ उडवली आणि ठिणगी गवताच्या छपरात गेली. तासाभरात थिएटर बेचिराख. माणसं वाचली. एकाच्या तुमानीला आग लागली, ती म्हणे कोणीतरी बाटलीतली बिअर ओतून विझवली.

हे नाटक फारसं लागत नाही, त्यामुळे नेमकं तेच बघायला मिळेल अशी आशा धरून तारखा ठरवू नका. जे लागलं असेल ते बघा, तेही खाली उभं राहून. उभ्याचं तिकीट सगळ्यात स्वस्त. छत्री उघडू देत नाहीत, रेनकोट ठेवा. आणि मध्येच खाली बसूही देत नाहीत, तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर बाकाचं तिकीट काढा आणि वर उशी भाड्याने घ्या. लाकडी बाकावर तीन तास म्हणजे शिक्षा आहे.

रांगेत उभ्या-उभ्या आमचं जुनं भांडण पुन्हा निघालं. नाटकात वुल्सी पडतो तो एका कागदामुळे: त्याच्या संपत्तीची यादी चुकून राजाच्या हाती लागते. हा प्रकार घडला होता खरा, पण दुसऱ्याच्या बाबतीत. डरहमच्या बिशपकडून स्वतःच्या मालमत्तेची वही चुकून दिली गेली, आणि ती राजापर्यंत पोचवणारा होता खुद्द वुल्सी! नाटककारांनी तीच गोष्ट उचलून त्याच्या गळ्यात घातली. मी म्हणते हा अन्याय आहे. नवरा म्हणतो, त्या बदल्यात काय दिलंय ते बघ: राजा कागद हातात देऊन निघून जातो आणि मग रंगमंचावर उरलेला वुल्सी आपल्या वैभवाचा निरोप घेतो, ते स्वगत. इतिहासातल्या वुल्सीने राजाच्या मनधरणीसाठी पत्रांवर पत्रं पाठवली. नाटकातला दोन पानांत शहाणा होतो. गंमत अशी की शेक्सपिअर म्हणून सर्रास उद्धृत होणारं ते स्वगत अभ्यासक फ्लेचरच्या खात्यावर टाकतात.

मिलेनियम ब्रिजवरून परत या, समोर सेंट पॉल्स कॅथीड्रल. याचंही तिकीट जबर आहे, पण तळघर त्यातच येतं. खाली मधोमध काळ्या दगडाची भव्य शवपेटी आहे: अ‍ॅडमिरल नेल्सन. ती मुळात वुल्सीने स्वतःसाठी बेनेदेत्तो दा रोवेत्झानो या शिल्पकाराकडून करवून घेतली होती. तो पडल्यावर हेन्रीने स्वतःसाठी ठेवली, त्याचीही कबर पुरी झाली नाही, आणि विंडसरला पडून असलेली पेटी शेवटी ट्रफल्गरच्या वीराला मिळाली. कार्डिनलच्या टोपीच्या जागी आता मुकुट आहे.

त्याच कबरीच्या कोपऱ्यांसाठी घडवलेले चार ब्राँझचे देवदूत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. प्रवेश फुकट, कुठल्या दालनात ते स्वागतकक्षात विचारून घ्या, नाहीतर पाय मोडतील. चौघांचेही पंख गायब आहेत. कित्येक वर्षं ते कोणाचे हे कोणाला ठाऊक नव्हतं. नॉर्दॅम्प्टनशरच्या एका गोल्फ क्लबच्या फाटकावर ते ऊन-पाऊस खात उभे होते, त्यांतले दोन १९८८ मध्ये चोरीलाही गेले. २०१५ मध्ये म्युझियमने चौघांना मिळून पन्नास लाख पौंडांना घेतलं. जवळ जाऊन चेहऱ्यांवरची झीज बघा.

आता लेस्टर. सेंट पँक्रसहून तास-सव्वातास. तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. स्टेशनपासून अ‍ॅबी पार्क चालत अर्धा तास. सोअर नदीपलीकडे हिरवळीत मठाचा नुसता आराखडा उरलाय, गुडघाभर दगडी भिंतींनी आखलेला. यॉर्कजवळ कावुड इथे ४ नोव्हेंबर १५३० ला वुल्सीला पकडलं. वाटेत पोट बिघडलं, आणि खेचरावर धड बसता येत नव्हतं अशा अवस्थेत तो रात्री या मठाच्या दाराशी आला. मठाधिपतीला म्हणाला, माझी हाडं तुमच्यात ठेवायला आलोय. मरायला टेकलेल्या या माणसाला राजाकडून काय विचारणा यावी? पंधराशे पौंडांचा हिशेब लागत नाही, ते कुठे आहेत! राजाची जितक्या निष्ठेने सेवा केली तितकी देवाची केली असती तर त्याने मला म्हातारपणी असं टाकलं नसतं, हे त्याचं प्रसिद्ध वाक्य इथलं. ऐकणारा होता टॉवरचा अधिकारी किंग्स्टन, त्याला न्यायला आलेला. नाटकात तेच वाक्य लंडनमध्ये, त्याचा सेवक थॉमस क्रॉमवेल रडत असताना त्याच्यासमोर येतं. २९ तारखेला सकाळी आठच्या ठोक्याला वुल्सी गेला.

कबर सापडत नाही. स्मरणार्थ एक शिळा तेवढी आहे. जवळच एका जळक्या हवेलीच्या भिंती उभ्या आहेत, कॅव्हेंडिश हाउस. ही हवेली नंतर विकत घेणारा डेव्हनशरचा पहिला अर्ल (उमराव) म्हणजे वुल्सीच्या त्याच चरित्रकार सेवकाचा सख्खा पुतण्या. बागेतला वुल्सीचा पुतळा मात्र दिला मोजे-बनियन करणाऱ्या स्थानिक कंपनीने. कंपनीचं नावच वुल्सी.

पार्कातून बेलग्रेव्ह रोड जवळ आहे. गुजराती दुकानांची रांग, फरसाण, थाळ्या, साड्या. बाहेरचं सँडविच खाऊन जीव कंटाळला असेल तर दुपारचं जेवण इथेच. वेळ उरला तर गावातल्या कॅथीड्रलमध्ये तिसऱ्या रिचर्डची कबर बघता येते.

ऑक्सफर्डला जाणार असाल तर क्राइस्ट चर्च हे मुळात वुल्सीचं कार्डिनल कॉलेज, १५२५ चं. इप्सविचला त्याच्या शाळेचं विटांचं एक दार आणि २०११ मध्ये बसवलेला पुतळा, एवढंच. लिव्हरपूल स्ट्रीटहून जायला सव्वा तास लागतो. दिवस कमी असतील तर इप्सविच गाळा. लेस्टर गाळू नका.