"अकाउंट्सच का?" या प्रश्नाने मला दमवलं

अकाउंटंटच्या नोकरीच्या मुलाखतीला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची टेस्ट, जर्नल एंट्र्या, टीडीएसचे प्रश्न यांची तयारी सगळेच करून जातात, मीही केली होती. त्यात काही अडलं नाही. अडलं ते "तुम्हाला अकाउंट्समध्येच का यायचंय?" या प्रश्नावर. हा प्रश्न मला पहिल्यांदा जिथे विचारला गेला त्या कंपनीवरचा राग अजून गेलेला नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अशा मुलाखतींना जाणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहितेय.

माझ्याकडे या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. पावस गावाजवळ आमची हापूसची कलमं आहेत. बाबा पेट्या वाशी मार्केटला पाठवतात, मग तिकडून पट्टी येते: पेट्या किती, दर काय लागला, त्यातून भाडं, हमाली, तोलाई वजा. फवारणीच्या वेळी घेतलेली उचलही हंगामात पट्टीतूनच कापली जाते. बारावीच्या सुट्टीत मी सगळ्या पट्ट्या आणि गाडीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, तर उचलीचा एक हप्ता दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत कापलेला निघाला. बाबांनी फोन केला, रक्कम परत मिळाली. "आंब्यात काय राहत नाही" हे घरात कायम ऐकलेलं. का राहत नाही, त्यातला एक तुकडा तरी मला कागदावर सापडला होता. पुढे बी.कॉम. केलं, एका कर सल्लागारांकडे रिटर्न भरायला बसले, ते याच ओढीने.

आता ती कंपनी. आधी फॉर्म दिला, त्यात "करिअर ऑब्जेक्टिव्ह"ला दोन ओळींची जागा. बारीक अक्षरात लिहून दिलं. मग एचआरच्या मॅडमनी तेच तोंडी विचारलं. मी पट्ट्यांचं सांगायला लागले तर मधेच म्हणाल्या, "म्हणजे घरची बाग आहे. मग नोकरी कशाला?" सांगितलं, बागेचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि मोहोर करपला तर तेवढेही येत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि बाहेर बसायला सांगितलं. जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी मी बाकावरच. नंतर अकाउंट्सच्या साहेबांनी बोलावलं. माझा फॉर्म त्यांच्या हातात, आणि प्रश्न पुन्हा तोच. मी सुरुवात करतेय तोवर म्हणाले, "आकड्यांची आवड सगळ्यांनाच असते हो." मी "आवड" हा शब्द उच्चारलाही नव्हता! मग "मुंबईला का नाही गेलात?" आणि त्यावर "लग्न झाल्यावर काय करणार?" शेवटी "कळवतो". कळवलं नाही. मी फोन केले तेव्हा साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी रजेवर.

त्यांना खरं विचारायचं होतं ते एवढंच की ही मुलगी टिकणार का. त्यामागची अडचण मला कळते. मार्चच्या तोंडावर अकाउंटंट सोडून गेला की पार्ट्यांची खाती अर्धवट राहतात, बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदींशी आपला हिशेब जुळवणं, पडून राहतं, जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीशी) खरेदी जुळवायला कोणी उरत नाही. पण मग सरळ विचारा ना, किती वर्षं थांबाल म्हणून. "अकाउंट्सच का" असं विचारायचं, उत्तर ऐकायचं नाही, आणि मुलीच्या लग्नावर येऊन थांबायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

नंतर एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यातून बोलावणं आलं. तिथे मी उत्तराचा क्रम बदलला. पहिलंच वाक्य: "न जुळणारा हिशेब शोधून जुळवायचं काम मला करायचंय, आणि ते मी केलंय." मग पट्ट्यांचा किस्सा, चार वाक्यांत. मग लगेच त्यांच्या कामाशी जोड: तुम्ही बागायतदारांकडून किलोवर आंबा घेता, वजनाची चिठ्ठी, क्रेट, दर आणि पेमेंट यांचा मेळ रोज लागायला हवा. टिकण्याचंही मीच आधी सांगून टाकलं, की घर इथे आहे, बाग इथे आहे, मला दर महिन्याचा पगार इथेच हवाय. लग्नाचा विषय निघाला नाही. उलट समोरच्या साहेबांनी विचारलं, बागायतदाराला एका दिवसात वीस हजार रोख दिले तर? मी म्हटलं, तेव्हाच्या, १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ४०ए(३) प्रमाणे एका व्यक्तीला दिवसाला १०,०००च्या वर रोख दिलेला खर्च कराच्या हिशेबात धरत नाहीत, पण पिकवणाऱ्याकडून थेट शेतमाल घेतला तर नियम ६डीडीत सूट आहे; व्यापाऱ्याकडून घेतला तर नाही. त्यानंतर बोलणं मोकळं झालं. मला बरं वाटलं, कारण इथे माझ्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघाला होता.

क्लासमधलं "आय ॲम पॅशनेट अबाउट नंबर्स" कृपा करून म्हणू नका. तुमच्या हाताखालून गेलेली एखादी वही सांगा: बचत गटाची, मच्छीमार सोसायटीची, मामाच्या दुकानातल्या उधारीची. त्यात काय जुळत नव्हतं, ते कसं सापडलं, एवढं पुरे. एका मिनिटात संपवा, महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तर नक्कीच, कारण तेव्हा जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न समोरच्याच्या डोक्यावर असतात.

सीए इंटर करत असाल तर लपवू नका, परीक्षेची रजा कधी लागेल तेही सांगा. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीतच सांगा. मी कॅनिंगवाल्यांकडे मराठीतच बोलले.

अजून एक, हे आधी लिहायला हवं होतं. त्यांचे प्रश्न संपले की तुम्ही विचारा, "सध्या तुमचं कुठलं काम सगळ्यांत मागे पडलंय?" मला कॅनिंगच्या साहेबांनी सांगितलं, डबे आणि खोके पुरवणाऱ्या लघुउद्योगांची खाती. ती बिलं कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागतात आणि कोणाचं किती थकलंय याची यादीच तयार नव्हती. रुजू झाल्यावर पहिलं काम मला तेच मिळालं.