दिवाळी पछी

दांडिया बाजारात दुपारी दोनला काही आणायला जाऊ नये, हे बडोदेकराला कुणी सांगावं लागत नाही. तरी गेले. घड्याळवाल्याचं शटर खाली. मालक जेवून आडवे झाले असणार, त्यांना उठवण्याइतकी माझ्या घड्याळाची योग्यता नाही. समोरच्या ओटल्यावर सावली होती, तिथे टेकले. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून शटर वाचलं.

शटरवर असतं तेच होतं. काळ्या रंगात छापा मारलेला, ‘शटर रिपेरिंग’ आणि खाली मोबाइल नंबर. त्यावर तिरका, लाल रंगात दुसऱ्याचा नंबर. काळ्या नंबरातला शेवटचा आकडा कुणीतरी खरवडून काढलेला. कोणी, ते लाल रंगाकडे पाहून कळतच होतं. हे लोक रात्री येतात, कुणाला विचारत नाहीत, छापा मारून जातात, आणि आश्चर्य म्हणजे दुकानदारही रागावत नाही. दिवसभर शटर वर गुंडाळलेलं, जाहिरात दिसायचा प्रश्नच नाही. दिसते कधी? शटर उघडत नसलं की. माणूस खाली बसून, नाक पट्टीला लावून कुलपाशी झटापट करतोय, त्याच उंचीवर नंबर. जाहिरातवाल्यांना एवढी अक्कल शिकायला वर्षं लागत असतील.

आमच्या आत्याच्या बिलिमोऱ्याच्या घराला शटर नव्हतं. मोटारखाना होता. आत्याचे सासरे, आप्पा, गायकवाडी रेल्वेत. बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची छोटी गाडी १९१३च्या सुमारास सुरू झाली, ती काही आमच्यासारख्यांना खिडकीत बसून भेळ खाता यावी म्हणून नव्हे. डांगातला साग खाली आणायचा होता. त्यातलाच थोडा साग आप्पांच्या दारी उतरला, आणि त्यातून उभ्या फळ्यांची दोन दांडगी कवाडं झाली. बिजागऱ्या पितळी, कारण खाडी जवळ आणि समुद्र त्याच्या पलीकडे. मोटार मात्र आली नाही. आधी पगार पुरेना, मग लढाई आणि पेट्रोलचं रेशनिंग, मग आप्पांचीच नजर गेली. मोटारखाना तयार होता, एवढंच.

त्यात आंबे असायचे. पेंढ्यावर थर, थरावर पेंढा, अशी आढी थेट मागच्या भिंतीपर्यंत. हापूस, पायरी, आणि कोपऱ्यात गणदेवीचे चिकू. कवाडं लावून घेतली की आत ऊब राहते, म्हणून दार सारखं उघडायला बंदी. मे महिन्यात ते दार आम्हा पोरांच्या एका धक्क्याने उघडायचं आणि नेमकं तेव्हाच उघडायचं नसायचं. मृगाच्या सरी आल्या, आठ दिवस हवा ओली राहिली, की तीच कवाडं मधोमध एकमेकींना भिडून बसायची. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. साग त्यातल्या त्यात शहाणा, कमी वाढतो. पण चार-चार फुटांची दोन कवाडं, थोडं हिचं, थोडं तिचं, मिळून अर्धा बोट होतं. अर्ध्या बोटाने आत्याचे उरलेले पायरी आत अडकायचे. वास अंगणभर.

घरात सगळ्यांत किडकिडीत मी. मला झरोक्यातून आत सोडायचे. आतून अडसर काढायचा आणि मिस्त्री बाहेरून ठोकेल तेव्हा कवाडाच्या खालच्या कोपऱ्याला पाय लावून रेटायचं, हे माझं काम. आत अंधार, पायाखाली पेंढा, आणि पेंढ्यात काय मऊ लागतंय ते बघायचं नाही असं स्वतःला बजावलेलं. बाहेर मिस्त्री लाकडी ठोकळा धरून त्यावर हातोडा मारायचा, थेट दारावर कधीच नाही. ठक, ठक, आणि मग एकदम उजेड. त्या उजेडात आत्या उभी, आणि तिचं पहिलं वाक्य माझ्यासाठी नसायचं, “आंब्यांवर पाय नाही ना दिलास?” हे असायचं.

मग दरवर्षीचा संवाद. आत्या म्हणायची, आता रंधा मार बाबा, एकदाचं सैल कर. मिस्त्री मान हलवायचा. “हमणां नहीं, बेन. दिवाळी पछी.” पावसाळ्यात फुगलेल्या दारावर रंधा चालवला तर थंडीत मधे फट पडते, आणि मग फटीतून काय काय येतं हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तो फक्त शिसपेन्सिलीने जिथे घासतंय तिथे खूण करून जायचा. दिवाळीनंतर खरंच यायचा, हे जास्त नवलाचं. खुणेपुरता हलका हात फिरवायचा आणि त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, त्या उघड्या पडलेल्या कडेला रंग. कवाड उतरवून आडवं करायचा आणि खालची कडही रंगवायचा, जी कुणाला जन्मात दिसणार नाही. लाकूड पाणी पितं ते तिथूनच. दर्शनी बाजूला रंगाचे चार हात आणि खालची कड कोरडी ठणठणीत, अशी दारं मी अलकापुरीतल्या चांगल्या चांगल्या बंगल्यांना पाहिली आहेत. मला ती पाहवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला पाहवत नाही. तेल. दार अडलं, तेल घाला. शटर अडलं, तेल घाला. फुगलेल्या लाकडाला तेल घालून काय होणार आहे? आमच्या घरातच चार पंथ आहेत. शिवणमशीनचं तेल, स्कूटरचं काळं ऑइल, ग्रीस आणि खोबरेल. खोबरेलवाल्या आमच्या सासूबाई. जानेवारीत बडोद्याची पहाट गारठते, खोबरेल थिजतं, आणि सकाळी शटर चिकटून बसतं. “कालपर्यंत तर चांगलं होतं,” असं त्या म्हणायच्या, तेही खरं. बिजागरीच्या खिळीला, कुलपाला थेंबभर तेल हवंच. भांडण तिथे नाही. पण शटरच्या पट्ट्या ज्या दोन खाचांतून वरखाली होतात, तिथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. तेलावर धूळ, धुळीवर तेल, वर्षभरात काळा लगदा होतो आणि पट्टी त्यात रुतते. कोरड्या फडक्याने खाच पुसायची, साधी मेणबत्ती घासायची, फार तर सिलिकॉनचा स्प्रे. आमचा शटरवाला तर येऊन आधी खाचेत बोट फिरवतो आणि ते बोट आमच्या सगळ्यांसमोर धरतो. बोलत नाही. बोलायची गरज नसते.

तर पुढे आतेभावाने ती सागाची कवाडं काढली. लाकडाची कटकट नको म्हणाला. लोखंडी रोलिंग शटर बसवलं. लोखंड काय फुगणार आहे?

लोखंड फुगतं. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो. खाचेत गंज धरला की पट्टीला हलायला जागा उरत नाही. आणि समुद्राजवळ गंजाला पाऊसही लागत नाही. हवेतून मीठ येऊन बसतं, आणि हवेतला ओलावा पाऊणशे टक्क्यांपुढे गेला की मीठ स्वतःच पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तेच शटरवर चालू असतं, फक्त दिसत नाही. यातली गंमत अशी की शटरची बाहेरची, पावसात भिजणारी बाजू बरी राहिली. आतली बाजू, जिला थेंब लागला नव्हता, तिची पापडी सुटली. पाऊस मीठ धुऊन नेतो. आत धुणारं कोणी नाही. तिथल्या कारागिराने भावाला सांगितलं होतं, महिन्यातून एकदा आतून गोड्या पाण्याची नळी मारा, मग कोरडं करा. भाऊ मला फोनवर म्हणाला, “ताई, गंजू नये म्हणून पाणी मारायचं? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?” त्याचं होतं.

तेही पत्र्याचं शटर जस्त चढवलेलं. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण भावाने कुलपासाठी दोन कड्या वेल्डिंग करून घेतल्या. वेल्डिंगच्या आचेत तिथलं जस्त जळून गेलं, त्यावर कोणी प्राइमर लावला नाही, आणि गंज बरोबर त्या दोन कड्यांपासून निघाला. मग तळपट्टी गेली, कारण उंबऱ्याशी पाणी साचतं. नवीन शटर विकणारा म्हणाला, पूर्ण बदला. दुरुस्त करणारा म्हणाला, खालच्या तेवढ्या पट्ट्या सरकवून काढतो, नव्या सरकवतो, तळपट्टी नवी घालतो, वरचं सगळं धडधाकट आहे. अशा वेळी मी नेहमी दुसऱ्याचं ऐकते. वरच्या पाइपला मात्र घरच्या कोणी हात लावू नये. शटर खाली असताना आतल्या स्प्रिंगा पुऱ्या पिळलेल्या असतात, सुटल्या तर बोटं जातात.

या सगळ्यात कुणी विचारत नाही की आत आहे काय. बिलिमोऱ्याला सध्या आत आहे दोन सायकली, एक बिघडलेला फ्रिज, आणि ती सागाची कवाडं. हो, तीच, भिंतीला टेकवून. गाडी बाहेर, आंब्याखाली, चिकाचे डाग झेलत. बडोद्यात तरी वेगळं काय आहे? आमच्या गल्लीत जुने बंगले, प्रत्येकाला गॅरेज, आणि गाड्या सगळ्या रस्त्यावर. गॅरेजमध्ये कूलर, गाद्या, गणपतीचं मखर, मुलांच्या अकरावीच्या वह्या. त्यांच्यावर पाऊस पडू नये म्हणून आपण दर दोन-तीन वर्षांनी शटर दुरुस्त करतो. मी याला नावं ठेवत नाही. आमच्या गॅरेजमध्ये काय आहे हे मलाही नीट माहीत नाही.

आमच्या ओळखीत गाडी खरोखर गॅरेजमध्ये ठेवणारं एकच घर, नदीपलीकडच्या एका मैत्रिणीचं. तिच्या यजमानांना नीटनेटकेपणाचं वेड. मोटरवालं शटर, रिमोट, सगळं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा बाकी लोकांनी रस्त्यावरच्या गाड्या रात्रीच उंचावर नेऊन उभ्या केल्या. यांनी म्हटलं, आपली आत आहे, सुरक्षित आहे. पहाटे वीज बंद केली, करावीच लागते. मोटर वर, पाइपाजवळ, अगदी कोरडी. पण वीज नसलेली मोटर कोरडी असून उपयोग काय. हाताने ओढायची साखळी असते अशा शटरला. ती आतल्या बाजूला होती, आणि आत जायला दुसरं दार नव्हतं. गाडी छपरापर्यंत भिजली. शहरात त्या आठवड्यात घराघरांतून मगरी पकडून नेल्या. यांच्या गॅरेजमध्ये मगर शिरली नाही, एवढं शटरचं यश.

पाणी ओसरल्यावर शटरवाल्यांना जेवायला सवड नव्हती. खाचांतून गाळ खरवडायचा, पट्ट्या धुवायच्या, स्प्रिंग बघायची. मैत्रिणीकडे जो आला त्याने साखळी बाहेरून ओढता येईल अशी करून देतो म्हटलं. यजमान म्हणाले, मग चोर ओढतील. त्यावर तो काही बोलला नाही, गाळ काढत राहिला. यजमानांनी स्वतःच्या पद्धतीने उपाय केला आहे. व्हरांड्यातला स्विचबोर्ड पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून छताजवळ नेला. रिमोटचा सेल संपला की, आणि तो संपतोच, बटण दाबायला स्टूल लागतं. स्टूल गॅरेजमध्ये असतं.