आमची वाटचाल : तेलाबरोबर वर येणारं पाणी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बाबांनी शेड घेतली तेव्हा काम साधं फॅब्रिकेशनचं होतं. टाक्या, पाइपिंग, सॉफ्टनरची शेल, आतून रबर लायनिंग करून द्यायची, एवढंच. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सगळे नोकरीवाले, धंदा करणारे बाबा पहिले, पण बडोद्यात या कामाला कधी तोटा पडला नाही कारण कोयलीची रिफायनरी १९६५ पासून उभी आहे, खाली अंकलेश्वर, वर खंभात, कलोल, मेहसाणा असा सगळा तेलाचा पट्टा, आणि जिथे तेल तिथे टाक्या लागणारच.

मी एमएस युनिव्हर्सिटीत केमिकल करून शेडवर बसायला लागलो आणि थोड्याच दिवसांत एका कंत्राटदाराची ऑर्डर आली, फिल्टर व्हेसलची, म्हणजे पाणी गाळायच्या टाकीची, आणि ड्रॉइंगवर मीडिया, म्हणजे आत भरायचा गाळणीचा माल, म्हणून लिहिलेलं अक्रोडाची टरफलं. बाबांना वाटलं टायपिंगची चूक असेल. मी फोन केला तर म्हणाले चूक नाही, प्रोड्यूस्ड वॉटरसाठी आहे, म्हणजे विहिरीतून तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यासाठी. त्या एका फोनपासून आमची फर्म या लाइनमध्ये आली आणि आता आमचं निम्म्याहून जास्त काम याच पाण्याचं आहे.

लोकांना वाटतं विहीर खणली की तेल येतं. येतं, पण त्याच्याबरोबर खडकातलं जुनं पाणी पण येतं, आणि विहीर जितकी म्हातारी तितकं पाणी जास्त. जगाचा ढोबळ हिशोब असा सांगतात की एका बॅरल तेलामागे तीन बॅरल पाणी, जुन्या फील्डमध्ये त्याहून कितीतरी जास्त, आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. अंकलेश्वरला तेल सापडलं १९६० साली, त्यामुळे आपल्या पट्ट्यात पाण्याचं काम कमी होणार नाही, वाढणारच. यातलं बरंचसं साफ करून परत जमिनीखाली सोडतात, प्रेशर टिकवायला, आणि तो उपयोग चांगलाच आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण सगळ्या ठिकाणी तेवढी गरज नसते आणि उरलेलं पाणी नुसतं डिस्पोजल म्हणून खोल सोडून द्यायचं, तेही बाजूच्या गावात बोअर दरवर्षी खाली जात असताना, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता ती टरफलं. सेपरेटरमधून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीतून, आलेलं सॅम्पल कॅनमध्ये येतं, काळपट, कोमट, डोकं धरेल असा वास. आधी तिरप्या प्लेटांच्या टाकीत मोकळं तेल वर तरंगून येतं ते काढायचं, मग जार टेस्ट करून, म्हणजे छोट्या भांड्यांत कमीजास्त घालून बघून, पॉलीचा, म्हणजे बारीक थेंब एकत्र गोळा करणाऱ्या रसायनाचा, डोस ठरवायचा, हवेचे बारीक बुडबुडे सोडून राहिलेलं तेल वर आणायचं. एवढं करूनही अगदी सूक्ष्म थेंब पाण्यात राहतातच आणि ते पकडायला टरफलं. वाळूला तेल लागलं की ते सुटत नाही, वाळूचे गोळे होतात आणि बेड जाम, पण अक्रोडाचं टरफल तेल धरतं आणि बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलटं पाणी सोडून धुताना, जोरात घुसळलं की सोडून पण देतं, साबण नाही, सॉल्व्हंट नाही. आमच्या शेडवरचा जुना फिटर बॅकवॉश झाल्यावर मूठभर मीडिया हातात घेऊन चोळतो, तळहात कोरडा राहिला तर ओके, चिकट लागला तर परत घुसळा. लॅबचा रिपोर्ट नंतर येतो, त्याचा हात आधी सांगतो.

तेल काढलं की पाणी एकदम नितळ दिसतं आणि इथेच खरा धोका सुरू होतो. एका पार्टीने आम्हाला सांगितलं की एवढं साफ झालंय तर टँकर भरून शेतावर देऊन टाकू, खेडूत पण खूष. आम्ही ती ऑर्डर घेतली नाही. कारण तेल गेलं तरी मीठ तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, प्रोड्यूस्ड वॉटर काही ठिकाणी त्याच्यापेक्षा खूप गोडं निघतं आणि काही ठिकाणी कितीतरी पट खारट, प्रत्येक फील्डचं वेगळं. त्यात सोडियम जास्त. करजण, जंबुसरकडच्या काळ्या जमिनीत सोडियमचं पाणी गेलं तर काय होतं ते आम्ही शेडच्या मागे कुंड्यांमध्ये करून बघितलं, मेथी लावली होती. सुरुवातीला फरक नाही, मग पाणी मुरेनासं झालं, वर नुसतं साचून राहायचं, आणि शेवटी वर कडक पापुद्रा आणि खाली मळलेल्या कणकेसारखा गोळा. पादऱ्याकडची गोराडू, म्हणजे रेताड जमीन थोडं जास्त सोसते, पण त्याच्या भरवशावर कोणाच्या शेतात पाणी सोडायचं नाही.

म्हणून मग आरओ. आणि आरओनंतर उलटं, पाणी फारच मऊ होतं, त्यात कॅल्शियम परत घालावं लागतं, जिप्समने काम होतं. सगळ्यात चिवट म्हणजे बोरॉन. साध्या पीएचला तो बोरिक ॲसिड म्हणून असतो, त्याच्यावर चार्ज नाही, त्यामुळे आरओच्या मेंब्रेनमधून, म्हणजे पडद्यातून, बराचसा सरळ पार होतो, पीएच ९ च्या वर नेला तर अडतो, नाहीतर बोरॉन धरून ठेवणारं वेगळं रेझिन येतं, बारीक मण्यांसारखं, ते वापरायचं. सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, ई क्लासमध्ये, म्हणजे शेतीच्या पाण्यात, बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पण लिंबाला त्याच्या पावभागात पण त्रास होतो, कापूस मात्र भरपूर सहन करतो. मिठाचं पण तसंच, कापूस आणि कांदा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून पीक कोणतं हे विचारल्याशिवाय मी प्लांटचं कोटेशन देत नाही, क्लायंटला नवल वाटतं, वाटू दे.

बाहेर हे झालेलं आहे, म्हणून मी छातीठोक बोलतो. कॅलिफोर्नियात केर्न काउंटीमध्ये शेव्हरॉन तेलाबरोबरचं पाणी याच अक्रोडाच्या टरफलांतून गाळून कावेलो वॉटर डिस्ट्रिक्टला देते, तिथे ते गोड्या पाण्यात मिसळून बदाम, पिस्ते, संत्र्यांच्या बागांना जातं, पण त्या फील्डचं पाणी मुळातच कमी खारट आहे हे लोक सांगायचं विसरतात. ओमानमध्ये निमरला वाळवंटात बोरूच्या गवताची मैलोगणती बेटं केली आहेत, पाणी उतारावरून आपोआप त्यातून जातं आणि दिवसाला एक लाख घनमीटरच्या वर पाणी तसं साफ होतं, पंप जवळजवळ नाहीच. आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला कोळशाच्या थरातल्या गॅसबरोबर येणारं पाणी आरओ करून करंजाच्या झाडांना दिलं, आपला करंज, बायोडिझेलसाठी.

आमचा क्रम आता ठरलेला आहे. आधी त्याच फील्डवर वापर, बॉयलर फीड, ड्रिलिंगचा चिखल, रस्त्यावर धूळ बसवायला, म्हणजे तेवढं गोडं पाणी वाचलं. मग ग्रीन बेल्ट, म्हणजे प्लांटभोवतीची झाडं. शेत सगळ्यात शेवटी, आणि तेही पाण्याचा आणि मातीचा रिपोर्ट शेतकऱ्याच्या हातात गुजरातीत दिल्यावरच. आणि आरओचा रिजेक्ट, म्हणजे मागे उरलेलं जास्त खारं पाणी, कुठे जाणार हे कागदावर नसेल तर आम्ही काम सुरू करत नाही, ते खारं पाणी डिस्पोजल विहिरीतच गेलं पाहिजे, नाल्यात नाही. यामुळे काही ऑर्डर हातच्या गेल्या, बाबा म्हणाले जाऊ दे.

सध्या शेडवर बोरॉनच्या रेझिनचा छोटा स्किड, म्हणजे एका चौकटीवर बसवलेला प्लांट, उभा करतोय, ट्रॉलीवर बसेल असा, म्हणजे साइटवर नेऊनच ट्रायल घेता येईल. कोणाला सॅम्पल पाठवायचं असेल तर बोरॉनसाठी प्लास्टिकच्या बाटलीत पाठवा, लॅबच्या काचेत स्वतः बोरॉन असतं आणि ते पाण्यात उतरून रिपोर्ट चुकतो. तेलाच्या टेस्टसाठी मात्र काचेचीच बाटली, कारण तेल प्लास्टिकला चिकटून बसतं. आणि सोबत शेतातली एक फुटाखालची मूठभर माती, ती सगळ्यात महत्त्वाची.