सिंगापूरची घराघरातली मिल्ट्री

मरिना बे, सेंटोसा वगैरेबद्दल नेटवर ढीगभर लिहिलंय, ते सगळं मीही बघितलं, पण मला लिहायचंय ते तिथल्या मिल्ट्रीबद्दल. उतरलो होतो मावसबहिणीकडे, पासिर रिसला. तिच्या एचडीबी (म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) फ्लॅटमध्ये एक बिनखिडकीची खोली आहे, दार जाडजूड लोखंडी, आत सुटकेसा, तांदळाची पोती आणि गणपतीचं मखर. म्हटलं हे काय, तर म्हणे बॉम्ब शेल्टर! १९९८ पासून नव्या फ्लॅटांमध्ये ही खोली बांधून देतात, आणि काही एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनंसुद्धा शेल्टर म्हणून वापरता येतील अशी बांधलीयत.

शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनजवळ बसमधून टक्कल केलेल्या पोरांचा लोंढाच उतरला, पाठीवर भलीमोठी बॅग, चेहरे झोपाळलेले. पुलाउ तेकाँग नावाच्या बेटावर बेसिक ट्रेनिंग चालतं, तिथून वीकेंडला घरी सोडतात, त्याला म्हणायचं 'बुक-आऊट'. त्यात आमचा भाचाही. आल्या आल्या जेवला आणि, "मामा, उद्या बोलू रे," म्हणून जो आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच उठला. ताईने तोवर त्याचे कपडे मशीनला लावले होते. शेजारच्या घरातही तेच, वरच्या मजल्यावरही तेच. आपल्याकडे फौजी दिसला की आपण जरा आदराने बाजूला होतो, इथे कुणी वळूनही बघत नाही, कारण प्रत्येकाच्या घरात एक आहे किंवा होता.

मुलगा १८ चा झाला की २ वर्षं नॅशनल सर्व्हिस, सक्तीची. ती संपली तरी सुटका नाही, पुढे चाळिशीपर्यंत 'रिझर्विस्ट' म्हणून बोलावणं येतं, म्हणजे बँकेतला मॅनेजर आणि टॅक्सीवाला एकाच तंबूत, आणि कदाचित टॅक्सीवालाच सिनियर. हे मला फार आवडलं.

हे सगळं आलं भीतीतून. १९६५ मध्ये मलेशियातून वेगळे झाले तेव्हा यांच्याकडे सैन्य म्हणून फक्त दोन बटालियन होत्या. तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी मदतीसाठी आपल्या शास्त्रीजींना आणि इजिप्तच्या नासरना पत्रं लिहिली, आपल्याकडून शुभेच्छा गेल्या, सैन्य उभारायचं काही जमलं नाही. मग आले इस्रायली, आणि आजूबाजूला मुस्लिम देश म्हणून त्यांना चक्क 'मेक्सिकन' म्हणायचे! १९६७ ला सक्तीची भरती सुरू. आणखी एक, १५ फेब्रुवारीला संध्याकाळी ६.२० ला शहरभर भोंगे वाजतात, १९४२ साली ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती हीच वेळ. पराभवाचा दिवस असा दरवर्षी मुद्दाम आठवणारा देश मी तरी दुसरा पाहिला नाही.

देश जेमतेम ७३५ चौरस किलोमीटरचा, तोफ उडवली तर गोळा शेजाऱ्याच्या अंगणात. म्हणून सराव परदेशात, आणि त्यातला एक आपल्या नाशिकजवळ देवळालीला! 'अग्नी वॉरियर' नावाने दोन्ही सैन्यांचे तोफखाने तिथे एकत्र सराव करतात. हे ताईला मी सांगितलं तर तिला माहीतच नव्हतं, आणि तिचं माहेर नाशिक.

एक गोष्ट मात्र खटकली. वर्दीतून थेट मंत्रिमंडळात जाणारे फार. पुढे पंतप्रधान झालेले ली सिएन लूंग ब्रिगेडियर जनरल होते, चान चुन सिंग तर लष्करप्रमुख. टँक रस्त्यावर कधी आले नाहीत हे खरं, पण सगळी हुशार पोरं लष्कराच्या स्कॉलरशिपवर शिकून एकाच साच्यातून वर येणार असतील तर वेगळा विचार करणारा येणार कुठून? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, मला आधी २.४ किलोमीटर वेळेत पळू दे."

तिथल्या मराठी घरांत मुलगा १२-१३ चा झाला की हाच विषय. आईवडील पीआर (नागरिक नव्हे, नुसते कायमचे रहिवासी) असले तरी मुलाला सर्व्हिस करावीच लागते, न करता निघून गेला तर पुढे तिथे शिकायला-नोकरीला यायचे वांधे. काही जण आधीच बाडबिस्तरा गुंडाळतात. ताईचे मिस्टरही त्याच मताचे होते, पण पोरगाच म्हणाला की माझे सगळे मित्र जाणारेत, मी काय पुण्यात बसून करू?