तारक्वाला निघताना बॅगेत काय हवं

सांगली-साताऱ्याकडून आफ्रिकेतल्या खाणीवर निघालेल्याची बॅग उघडा. वर दहा किलो ज्वारीचं पीठ, खाली कांदा-लसूण चटणीचे डबे, आणि थर्मामीटर कुठंच नाही. विटा-खानापूरच्या गलाईवाल्यांमुळं सोनं गाळणं आपल्या भागाला नवं नाही, पण सोनं जमिनीतून निघतं त्या गावात राहणं वेगळंच प्रकरण. इथं नजरेसमोर घानातलं तारक्वा आहे. राजधानी अक्राहून रस्त्यानं सुमारे ३०० किलोमीटर, भोवती जंगल, हवा कायम दमट.

सगळ्यात आधी मलेरिया. तिथला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरम, म्हणजे दुर्लक्ष केलं तर दोन-तीन दिवसांत मेंदू किंवा किडनी गाठणारा. क्लोरोक्विनचा उपयोग नाही. प्रतिबंधासाठी डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन देतात: १०० मिलिग्रॅम रोज, निघण्याच्या १-२ दिवस आधीपासून ते परतल्यावर ४ आठवड्यांपर्यंत. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. या गोळीवर उन्हात काम केलं की कातडी भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. वर्षभर राहायचं असेल तर ही गोळी किती दिवस चालू ठेवायची ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. कंटाळून मध्येच सोडणारे पुष्कळ असतात. मच्छरदाणी औषध मुरवलेली आणि गादीखाली खोचता येईल एवढी लांब हवी. तिथला मलेरियाचा डास रात्रीचा चावतो, तेव्हा जेवणानंतर बनियनवर ओट्यावर बसणं बंद.

ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. मलेरिया निघाला आणि तब्येत फार बिघडलेली नसेल तर बहुधा आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन ही दोन औषधांची जोडगोळी मिळते. मोठ्या माणसाला २०/१२० च्या (एका गोळीत दोन्ही औषधांचे अनुक्रमे एवढे मिलिग्रॅम) ४ गोळ्या एका वेळी, असे ६ डोस: पहिला लगेच, दुसरा ८ तासांनी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. एकूण २४ गोळ्या. भारतात मिळणारी ८०/४८० ची एकच गोळी त्या चारांइतकी असते, म्हणून इथून नेलेलं पाकीट आणि तिथली चिठ्ठी एकत्र करू नका. औषध तेला-तुपाच्या खाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायचं, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला’ म्हणून कप्प्यात जातात. मलेरिया उलटतो तो तिथंच.

दुसरी नेण्याची वस्तू इस्त्री. टुंबू नावाची माशी दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. अळी कातडीत शिरते आणि काही दिवसांनी मधोमध बारीक छिद्र असलेला, ठसठसणारा फोड येतो. कपडे घरात वाळवा, किंवा बाहेर वाळवलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करा. लोक शर्ट-पँट करतात आणि चड्डी, बनियन, टॉवेल सोडतात. शिवणी आणि कमरेचं इलॅस्टिक यांवरून इस्त्री दोनदा फिरवायची. फोड आलाच तर पिळू नका, अळी आत फुटली की पू होतो. छिद्रावर व्हॅसलिनचा जाड थर दिला की गुदमरून ती वर येते.

पाण्याचं सोपं आहे, फक्त नदीचं नको. तिकडं ‘गॅलम्से’ म्हणजे चोरटं सोनं काढणं चालतं. त्यात पारा वापरतात आणि नद्या गढूळ होतात. उकळल्यानं जंतू मरतात, पारा जात नाही. पिण्याला ५०० मिलिलिटरची सीलबंद पिशवी, तिथल्या एफडीएचा (अन्न-औषध प्रशासनाचा) नंबर बघून.

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपली उपकरणं चालतात. चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडाप्टर तेवढा लागतो. लाइट जाण्या-येण्याला तिथं ‘डमसॉर’ म्हणतात. कमी व्होल्टेजला फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो, त्यामुळं स्टॅबिलायझर आधी, फ्रिज मग.

आता ते दहा किलो पीठ. दमट हवेत त्याला जाळ्या लागतात, कडवट होतं. ज्वारी तिथं ‘गिनी कॉर्न’ नावानं मिळते. घानाच्या उत्तरेत ती पिकते, बाजारात विचारायचं. गिरणीत बहुधा भिजवलेला, आंबलेला मका दळलेला असतो, म्हणून आपली दोन मुठी ज्वारी आधी दळून टाकून द्यायची, नाहीतर भाकरीला आंबूस वास येतो आणि ती थापताना चिरते. चवळी आणि शेंगदाणे भरपूर, तेव्हा उसळ नि कूट यांची ददात नाही. तूरडाळीला मात्र अक्रा गाठावं लागतं. पिठाच्या वजनात इथून तीच न्या.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी पुण्या-मुंबईच्या अधिकृत केंद्रावर घ्यायची. दाखला आता आयुष्यभर चालतो. घानात शिरताना तो लागतोच, आणि परतताना भारतातही. नसला तर इथल्या विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून तो चेक-इनच्या बॅगेत नको. घरी आल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर गावातले डॉक्टर आधी डेंग्यू-टायफॉइड बघणार. पश्चिम आफ्रिकेतून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा आणि मलेरियाची तपासणी मागा. पहिली निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांनी पुन्हा, अशी तीनदा.