मेरीहिल : तारेच्या बाहुल्या आणि पॅरिसचं टंचाईतलं शिवणकाम

अमेरिकेतल्या पोर्टलंडहून आय-84 महामार्गाने पूर्वेला निघालं की हिरवी झाडी हळूहळू मागे पडते आणि बोडक्या, पिवळ्या टेकड्या सुरू होतात. बिग्ज जंक्शनला 104 क्रमांकाच्या एक्झिटने बाहेर पडून कोलंबिया नदीचा पूल ओलांडायचा आणि वॉशिंग्टन राज्याच्या 14 क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेकडे वळायचं. एकूण अंतर साधारण 170 किलोमीटर. कड्यावर एकटीच उभी असलेली काँक्रीटची हवेली म्हणजे मेरीहिल म्युझियम. स्वतःची गाडी हवीच, आणि हिवाळ्यात म्युझियम बंद असतं.

इतक्या आडबाजूला मी आले ती 1946 सालच्या पॅरिसच्या फॅशनसाठी. इथे सुमारे 170 बाहुल्या आहेत. प्रत्येकीची उंची जेमतेम 70 सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या बाईच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त. अंगावरचे कपडे मात्र खऱ्या फॅशन हाउसेसनी, त्यांच्याच कारागिरांकडून शिवून घेतलेले.

1944 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झालं, पण कापड नव्हतं, कोळसा नव्हता, वीज सारखी जायची. चामडं जर्मनांनी नेलेलं, त्यामुळे बायकांच्या पायात लाकडी तळव्यांचे बूट. मदतनिधी गोळा करायचा आणि पॅरिसचा फॅशनधंदा जिवंत आहे हे जगाला दाखवायचं, असं ठरलं. पूर्ण मापाचे कपडे करणं अशक्य होतं. नीना रिची फॅशन हाउसच्या रॉबेर रिची यांनी बाहुल्यांची कल्पना पुढे नेली. एलियान बोनाबेल यांनी आराखडा काढला, झाँ सँ-मार्तँ यांनी तारेचे सांगाडे घडवले, प्लास्टरची डोकी जुआन रेबुल यांची. या प्रदर्शनाचं नाव 'थिएत्र द ला मोद', म्हणजे फॅशनचं नाट्यगृह; बाहुल्या रंगमंचासारख्या छोट्या सेटमध्ये उभ्या केलेल्या. 1945 च्या मार्चमध्ये ते लूव्रच्या एका भागात उघडलं आणि एक लाखाच्या आसपास लोकांनी पाहिलं.

लांबी तिसरा हिस्सा केली की रुंदीही तिसरा हिस्सा होते, म्हणजे कापड नवव्या हिश्शात भागतं. आपल्या नऊवारीचंच बघा: 8.2 मीटर लांबीचं लुगडं या मापात केलं तर 2.73 मीटर लांब आणि तिसऱ्या हिश्शाच्या पन्ह्याचं होईल. पूर्ण पन्ह्याचं एक मीटरही कापड लागणार नाही. टंचाईवरचा हा तोडगा मला फार हुशारीचा वाटतो.

शिवणाऱ्याचं काम मात्र नवव्या हिश्शात होत नाही, उलट वाढतं. माप लहान झालं तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. दुमड जाड होते, काठ फुगतो, कॉलर उलटताना टोक बोथट येतं. वजनाने खाली पडायला हवा तो घेर लहान मापात ताठ उभा राहतो, कारण कापडाचा ताठपणा तोच असतो आणि खाली ओढणारं वजन मात्र फार कमी होतं. म्हणून कापड पातळ निवडावं लागतं, शिलाईची मार्जिन छाटावी लागते, टाका बारीक घालावा लागतो. नक्षी खऱ्या मापाची घेतली तर एकच फूल अख्खी छाती व्यापतं. इथल्या बाहुल्यांपाशी वाकून बटणं बघा, ती खरोखर उघडतात. पर्समध्येही इवल्या वस्तू आहेत. माझ्या मते तारेच्या हातांपेक्षा आणि चेहऱ्यांपेक्षा स्कर्टचे काठ जास्त वेळ बघावेत.

अंधुक उजेडाची तक्रार करू नका. प्रखर उजेडात रंग उडतो, रेशमाचे धागे ठिसूळ होऊन तुटतात. चार-पाच मिनिटं डोळे सरावू द्या.

युरोपातल्या शहरांनंतर हा संच 1946 मध्ये अमेरिकेला आला, तेव्हा बाहुल्यांना त्या वर्षीच्या उन्हाळी कलेक्शनचे कपडे चढवले गेले. दौरा संपल्यावर खरे दागिने पॅरिसला परतले, बाहुल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पडून राहिल्या. म्युझियमच्या आश्रयदात्या अल्मा स्प्रेकेल्स यांच्या खटपटीने 1952 मध्ये त्या इथे आल्या, आणि पुढे पॅरिसला नेऊन त्यांची दुरुस्ती झाली. सेट नव्याने बांधलेले आहेत. कवी झाँ कोक्तो आणि चित्रकार क्रिस्तियाँ बेरार यांनीही मुळात सेट केले होते, हे वाचून चित्रकलेचे विद्यार्थीही इथे येतील.

1946 चे खांदे अजून रुंद आहेत, काही स्कर्टचा घेर मात्र वाढायला लागलाय. क्रिस्तियाँ डिओर तेव्हा ल्यूसियँ लेलाँ यांच्या फॅशन हाउसमध्ये काम करत होते. 12 फेब्रुवारी 1947 ला त्यांनी स्वतःच्या हाउसचं पहिलं कलेक्शन दाखवलं: उतरते खांदे, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत आलेला प्रचंड घेर. आडव्या घेतलेल्या पूर्ण पन्ह्याच्या कापडाच्या बारीक चुण्या कमरेला दाबल्या की तिथे जाड थर साचतो, म्हणून हा पेहराव अंगावर जड व्हायचा. पॅरिसच्या रस्त्यावर चिडलेल्या बायकांनी मॉडेलच्या अंगावरचे असे कपडे ओढून फाडले, आणि त्यांचा राग मला पूर्ण समजतो. ब्रिटनमध्ये तर कपड्यांचं रेशनिंग 15 मार्च 1949 पर्यंत चाललं.

सगळे सेट एकाच वेळी मांडलेले नसतात, ते आळीपाळीने बदलतात. तुम्हाला विशिष्ट सेट बघायचा असेल तर निघण्याआधी म्युझियमला फोन करून विचारा.